किमोनोतली बाहुली नेमकी कोणाची प्रतिनिधी?

१९२७ च्या नोव्हेंबर महिन्यात योकोहामा बंदरातून ‘तेन्यो मारू’ हे जहाज अमेरिकेकडे निघाले, तेव्हा त्याच्या प्रवाशांमध्ये खास पाठवलेल्या बाहुल्या होत्या. जपानकडून अमेरिकी मुलांना भेट म्हणून गेलेल्या या बाहुल्यांची संख्या ५८ होती. प्रत्येकीची उंची सुमारे ८१ सेंटिमीटर होती, अंगावर रेशमी किमोनो होता, सोबत इवलीशी कपाटे, चहाची भांडी, कंदील आणि छत्री असा संसार होता, आणि प्रत्येकीजवळ तिच्या नावाचा पासपोर्ट होता. जपानी माणसाला मात्र त्या वेळी स्थायिक होण्यासाठी अमेरिकेत प्रवेश मिळत नव्हता, कारण तीनच वर्षांपूर्वी, १९२४ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने केलेल्या कायद्याने ती वाट बंद झाली होती. माणसांना मज्जाव आणि बाहुल्यांचे जंगी स्वागत, असा तो काळ होता.

आज एखादी कंपनी लहान मुलांसाठी जपानी पोशाखातली बाहुली बाजारात आणते, तेव्हा तिच्या खोक्यावर संस्कृतीचा गौरव केल्याचे लिहिलेले असते आणि लवकरच त्यावरून वाद सुरू होतो. सोनेरी केसांच्या बाहुल्यांच्या गर्दीत निदान एक वेगळा चेहरा आला, असे काहींना वाटते. इतरांना तो किमोनो म्हणजे निव्वळ सोंग वाटते. या वादात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात, असे माझे मत आहे. पहिला प्रश्न कारागिरीचा आहे: पोशाख बरोबर आहे का, म्हणजे त्याचे कापड, त्याची बेतणी, तो घालण्याची रीत आणि घालणारीचे वय यांचा मेळ बसतो का. दुसरा प्रश्न अधिकाराचा आहे: कोणता जपान दाखवायचा आणि कोणता वगळायचा, हे कोणी ठरवले. एखादी बाहुली पहिल्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवूनही दुसरीत अडखळू शकते. १९२७ च्या बाहुल्या हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. पण त्यांच्याकडे वळण्यापूर्वी किमोनो समजून घ्यायला हवा.

किमोनो काय काय सांगतो

किमोनोसाठी ‘तान’ नावाचा ठरावीक मापाचा तागा विणतात. त्याची रुंदी साधारण ३६ ते ३८ सेंटिमीटर आणि लांबी सुमारे १२ मीटर असते. हा तागा सरळ रेषांत कापून आठ तुकडे करतात: अंगासाठी दोन लांब पट्टे, दोन बाह्या, समोरची बाजू एकमेकींवर यावी म्हणून दोन अरुंद पट्ट्या, गळपट्टी आणि तिच्यावर बसणारी आणखी एक पट्टी. शरीराच्या गोलाईप्रमाणे कापड कापायचे नसल्यामुळे जवळजवळ काहीच वाया जात नाही. शिवण उसवली की आठही तुकडे पुन्हा शेजारी शेजारी जोडून ताग्यासारखे धुता येतात, ताणून वाळवता येतात आणि पुन्हा शिवता येतात. पूर्वी घरोघरी हे काम चालत असे.

या बेतणीचा एक परिणाम बाहुल्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. पाश्चात्त्य कपडा शरीराच्या मापाने आधी बेतला जातो, तर किमोनो अंगावर घालताना मापाचा केला जातो. बायकांचा किमोनो उंचीपेक्षा लांब असतो. जास्तीचे कापड कमरेशी घडी घालून आवरायचे, दोऱ्यांनी बांधायचे आणि त्यावर ओबी हा रुंद पट्टा गुंडाळायचा, अशी रीत आहे. छाती, कंबर आणि नितंब यांची वळणे दिसण्याऐवजी शरीर वरपासून खालपर्यंत सरळ दिसावे, अशी अपेक्षा असते. त्यासाठी कित्येक स्त्रिया आजही किमोनो घालण्यापूर्वी कमरेला पंचा गुंडाळून खोलगट भाग भरून काढतात.

घालण्याची पहिली अट डाव्या बाजूने उजवीवर येण्याची आहे, म्हणजे पाहणाऱ्याला गळ्याचा आकार रोमन ‘वाय’ अक्षरासारखा दिसतो. इ.स. ७१९ मध्ये राजाज्ञेने हा नियम घालून दिला गेला. याच्या उलट, उजवी बाजू वर, फक्त मृतदेहाला किमोनो घालताना घेतात. त्यामुळे कारखान्यात उलटी शिवली गेलेली बाहुली परदेशी ग्राहकाला तितकीच सुंदर वाटते, आणि जपानी आजीच्या मात्र अंगावर काटा येतो.

पुढच्या खुणा अधिक बारीक आहेत. नऊवारी कशी नेसली आहे यावरून ती नेसणारी कुठली आणि कोणत्या कामाला निघाली आहे याचा अंदाज आपल्याकडे जुन्या माणसांना जसा येत असे, तसाच जाणकार जपानी माणसाला किमोनोवरून वय, प्रसंग आणि ऋतू यांचा अंदाज येतो. लांब लोंबत्या बाह्यांचा ‘फुरिसोदे’ अविवाहित मुलींचा समारंभाचा पोशाख आहे. लग्नानंतर बाह्या आखूड होतात. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत अस्तराचा, जून आणि सप्टेंबरमध्ये बिनअस्तराचा आणि ऐन उन्हाळ्यात झिरझिरीत विणीचा किमोनो घालावा, असा संकेत आहे. फुलांची नक्षीदेखील ऋतूच्या थोडी आधीची असावी लागते. चेरी पूर्ण बहरल्यावर चेरीची नक्षी मिरवणे रसिकपणाचे मानत नाहीत. सुती ‘युकाता’ हा उन्हाळ्यातल्या जत्रांचा आणि स्नानानंतरचा साधा वेश आहे, आणि त्याला समारंभाचा किमोनो म्हणून सादर करणे ही खेळण्यांच्या बाजारातली नेहमीची चूक आहे.

लहान मुलांचा किमोनो ही तर वेगळीच गोष्ट आहे. तो मोठा शिवतात आणि खांद्यांवर व कमरेवर टाचण घालून आखूड करतात. मूल वाढेल तशी टाचण उसवतात. दरवर्षी १५ नोव्हेंबरच्या सुमारास ‘शिचि-गो-सान’ हा सण येतो. तेव्हा तीन आणि सात वर्षांच्या मुली आणि पाच वर्षांचे मुलगे नटूनथटून देवस्थानात जातात. तीन वर्षांच्या मुलीला ओबीचा त्रास नको म्हणून किमोनोवर बिनबाह्यांचा जाडसर अंगरखा घालतात. सात वर्षांची झाली की ती मोठ्या बायकांसारखा ओबी बांधते. याचा अर्थ असा की बाहुली मुलीची असेल, तर तिच्या खांद्यावरची टाचण ही शिवणकामातली क्षुल्लक बाब राहत नाही. बाहुलीचे वय तिच्यावरूनच कळते.

आणि सगळ्यांत गंभीर चूकही याच ठिकाणी होते. एदो काळात (सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत) पुढच्या बाजूला ओबीची मोठी गाठ बांधणे ही उंची गणिकांची ओळख झाली होती, आणि मानेमागची गळपट्टी खूप खाली ओढून मान उघडी टाकणे गीशांच्या वेशाशी जोडलेले आहे. परदेशात बनलेल्या कित्येक ‘जपानी’ बाहुल्यांत हे सगळे एकत्र केलेले दिसते: पुढे गाठ, उघडी मान, केसांत डझनभर काट्या, हातात पंखा, आणि वय आठ-दहा वर्षांचे. बनवणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याने चित्रांच्या पोस्टकार्डांवरून जपान पाहिलेला असतो, आणि त्या पोस्टकार्डांवर मुली जवळजवळ नसतातच.

जपानच्या स्वतःच्या बाहुल्या

जपानी घरांत बाहुल्यांचे निदान दोन वेगळे संसार आहेत, आणि त्यांचे नियम निराळे आहेत. ३ मार्चच्या ‘हिना मात्सुरी’ या मुलींच्या सणाला लाल कापड अंथरलेल्या पायऱ्यांवर सम्राट, सम्राज्ञी, त्यांच्या सेविका आणि वादक अशा बाहुल्या मांडतात. त्यांचा पोशाख हेइआन काळातल्या राजदरबाराचा, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीचा असतो. या बाहुल्यांशी खेळायचे नसते. त्यांचे शरीर म्हणजे बहुतेक वेळा पेंढ्याचा गाभा आणि त्यावर थरांवर थर चढवलेले कापड, त्यामुळे कपडे काढले तर बाहुली उरतच नाही. सण संपला की त्या लगेच आवरून ठेवायच्या, नाहीतर मुलीचे लग्न लांबते, असा समज आहे; आपल्याकडच्या काही समजुतींशी त्याचे नाते लगेच लक्षात येईल.

दुसरा संसार ‘इचिमात्सु’ बाहुल्यांचा आहे. अठराव्या शतकात सानोगावा इचिमात्सु हा काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारातला नट फार लोकप्रिय होता, आणि त्याचेच नाव पुढे या बाहुल्यांना आणि चौकटीच्या एका नक्षीलाही मिळाले. (२०२० च्या टोकियो ऑलिंपिकच्या बोधचिन्हातल्या निळ्या चौकटी त्याच नक्षीच्या.) इचिमात्सु ही मुलाची किंवा मुलीची बाहुली असते आणि तिचे कपडे काढता-घालता येतात. तिच्यासाठी किमोनो शिवताना मुली शिवणकाम शिकत असत. चेहरा लाकडाच्या भुशाचा लगदा दाबून घडवतात आणि त्यावर ‘गोफुन’ म्हणजे शिंपल्यांची बारीक पूड सरसात कालवून तिचे अनेक हात देतात, घासतात आणि पुन्हा देतात. डोळे काचेचे असतात. गोफुनमुळे येणारी ती मऊ पांढरी झाक पाहून परक्याला वाटते की जपान्यांना गोऱ्या लोकांसारखे दिसायचे असावे; प्रत्यक्षात तो पांढरा रंग जपानच्या स्वतःच्या सौंदर्यकल्पनेतून आला आहे आणि युरोपशी संबंध येण्याच्या कितीतरी आधीचा आहे.

५८ पाहुण्या

आता १९२७ कडे येऊ. सिडनी गुलिक हे अमेरिकी धर्मोपदेशक सुमारे पंचवीस वर्षे जपानमध्ये राहून परतले होते आणि १९२४ च्या कायद्याविरुद्ध त्यांनी पुष्कळ खटपट केली होती. मोठ्यांची मने बदलत नाहीत हे पाहिल्यावर त्यांनी मुलांकडे मोर्चा वळवला. अमेरिकेतल्या शाळा, चर्च आणि महिला मंडळे यांनी बाहुल्या विकत घ्याव्यात, त्यांचे कपडे शिवावेत, त्यांना नावे द्यावीत आणि मुलांच्या पत्रांसह हिना मात्सुरीसाठी जपानला पाठवाव्यात, अशी ती योजना होती. १२ हजारांहून अधिक बाहुल्या गेल्या, आणि त्या जपानभरच्या प्राथमिक शाळांत आणि बालवाड्यांत वाटल्या गेल्या. ३ मार्च १९२७ रोजी टोकियोत त्यांचा स्वागतसमारंभ झाला.

जपानच्या बाजूने या कामाची सूत्रे शिबुसावा एइइची यांच्याकडे होती. आधुनिक जपानी उद्योगांचा पाया घालणारे हे गृहस्थ तेव्हा ऐंशीच्या पुढे गेले होते; २०२४ पासून १० हजार येनच्या नोटेवर त्यांचेच चित्र आहे. परतभेट द्यायची, पण संख्येत बरोबरी करायची नाही, गुणवत्तेत करायची, असे ठरले. ज्या शाळांत अमेरिकी बाहुल्या पोहोचल्या होत्या तिथल्या मुलींनी प्रत्येकी एक सेन, म्हणजे येनचा शंभरावा भाग, दिला. अशा सुमारे २६ लाख मुलींच्या वर्गणीतून पैसा उभा राहिला. टोकियोच्या आसाकुसाबाशी भागातल्या १७११ पासून चालत आलेल्या योशितोकु या पेढीने कारागिरांची जमवाजमव केली आणि त्यांच्यात स्पर्धाही लागली. त्यात पंचविशीही न गाठलेल्या हिराता गोयो या कारागिराचे काम सर्वांत उजवे ठरले. याच गोयो यांना १९५५ मध्ये जपान सरकारने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. त्याआधीच, १९३६ मध्ये, राष्ट्रीय कलाप्रदर्शनात प्रथमच बाहुल्यांना कलाकृती म्हणून प्रवेश मिळाला होता. परदेशी पाठवलेल्या खेळण्याने घरच्या कारागिराला कलावंताचा दर्जा मिळवून देण्यास हातभार लावला, ही या कथेतली माझ्या दृष्टीने सर्वांत आनंदाची बाजू आहे.

कारागिरीच्या परीक्षेत या बाहुल्यांना नावे ठेवायला जागा नाही. किमोनो खऱ्या रेशमाचे, युझेन या कापडावर नक्षी रंगवण्याच्या जपानी पद्धतीने रंगवलेले, बाहुलीच्या मापाला शोभतील अशा लहान आकाराच्या नक्षीचे. लांब बाह्या अविवाहित मुलीच्या वयाला साजेशा. सोबतचे लाखकामाचे सामान पाहून डोळे निवावेत असे.

दुसऱ्या परीक्षेकडे वळले की चित्र बदलते. ५८ बाहुल्यांपैकी एक सम्राटाच्या घराण्याकडून आलेली आणि सबंध देशाची मानलेली होती. उरलेल्या प्रांतांच्या, मोठ्या शहरांच्या आणि जपानने ताब्यात घेतलेल्या मुलखांच्या नावाने होत्या. म्हणजे कोरिया, तैवान, काराफुतो (साखालिन बेटाचा दक्षिण भाग) आणि क्वांतुंग (ईशान्य चीनमधला किनारी मुलूख) यांच्याही नावाची एकेक बाहुली त्यांत होती, आणि त्याही जपानी चेहऱ्याच्या, जपानी किमोनोतल्या होत्या. कोरियाची बाहुली हानबोक या कोरियन वेशात नव्हती. १९१० पासून कोरिया जपानच्या राजवटीखाली होता, आणि तिथल्या मुलींना अमेरिकेसमोर आपण कसे दिसावे हे ठरवण्याचा अधिकार कोणी दिला नव्हता. सांस्कृतिक प्रतिनिधित्वाचा विचार करताना नेहमी गोरा कारखानदार विरुद्ध आशियाई संस्कृती असे चित्र डोळ्यांसमोर येते. इथे आशियातल्याच एका साम्राज्याने दुसऱ्या समाजावर आपला पोशाख चढवला होता.

खुद्द जपानी मुलींचेही पूर्ण चित्र या बाहुल्यांत नव्हते. एक एक सेन देणाऱ्या बहुतेक मुली सुती कापडाच्या साध्या किमोनोत शाळेत जात असतील. शहरांतल्या मुलींच्या शाळांत खलाशी पद्धतीचा पाश्चात्त्य गणवेश रूढ होऊ लागला होता, आणि टोकियोतल्या गिन्झाच्या रस्त्यांवर आखूड केसांच्या, झग्यातल्या तरुणी फिरत होत्या. बाहुल्यांनी मात्र श्रीमंत घरातल्या लेकीचा सणाचा वेश घातला होता. याला फसवणूक म्हणता येणार नाही, कारण पाहुण्याकडे जाताना कोणीही ठेवणीतलेच कपडे घालतो. पण परदेशी मुलांच्या मनात जपान म्हणजे कायम सणाच्या वेशातला, कालातीत देश अशी जी समजूत बसली, तिच्यात या सुंदर बाहुल्यांचाही वाटा आहे. दक्षिणेकडच्या ओकिनावाचे ‘बिंगाता’ पद्धतीचे रंगीबेरंगी कपडे किंवा उत्तरेकडच्या आइनू लोकांचे झाडाच्या सालीच्या धाग्यांचे अंगरखे आजही जपानी पोशाख म्हटल्यावर फारसे कोणाला आठवत नाहीत.

मग युद्ध आले. जपानमध्ये अमेरिकी बाहुल्या शत्रू ठरल्या आणि शाळाशाळांतून त्या जाळल्या गेल्या, मोडल्या गेल्या. काही शिक्षकांनी त्या माळ्यावर, कपाटांमागे लपवल्या, म्हणून तीनशेच्या आसपास उरल्या. अमेरिकेत जपानी बाहुल्या बऱ्याच ठिकाणी संग्रहालयांच्या कोठारांत गेल्या. अमेरिकेत राहणाऱ्या जपानी वंशाच्या कुटुंबांची स्थिती वेगळीच होती. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यानंतर संशयाच्या भीतीने कित्येकांनी घरातले किमोनो, पत्रे आणि हिना बाहुल्या स्वतःच्या हातांनी जाळल्या किंवा पुरल्या, आणि १९४२ पासून सुमारे १ लाख २० हजार लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. सरकारी पाहुण्या बाहुल्या कोठारात सुरक्षित राहिल्या; शेजारच्या घरातली बाहुली मात्र चुलीत गेली.

कारखान्यातली बाहुली

युद्धानंतरच्या काळात बाहुल्यांचा व्यवहार कंपन्यांच्या हाती आला, आणि इथे एक गंमत आहे. १९५९ मध्ये आलेली पहिली बार्बी जपानमध्येच तयार झाली. तिच्या कपड्यांच्या रचनाकार शार्लट जॉन्सन त्यासाठी टोकियोत जाऊन राहिल्या, आणि ते चिमुकले कपडे घरबसल्या शिवणाऱ्या जपानी बायकांनी शिवले. म्हणजे अमेरिकी तरुणीचे रूप घडवण्यात जपानी हातांचा वाटा मोठा होता, आणि त्याची दखल खोक्यावर कुठेच नव्हती. १९६४ मध्ये बार्बीसाठी देशोदेशींच्या प्रवासी पोशाखांचे संच निघाले, त्यांत जपानचाही किमोनो होता. बाहुली मात्र तीच, चेहरा तोच. आशियाई चेहऱ्याचा वेगळा साचा बार्बीला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मिळाला. भारतातही १९९० च्या दशकात साडीतली, टिकली लावलेली बार्बी मिळत असे आणि तिचाही चेहरा अमेरिकीच असे, हे त्या काळात लहान असलेल्या पुष्कळ वाचकांना आठवत असेल.

किमोनोच्या बाबतीत मात्र चेहऱ्याहून मोठी अडचण शरीराची आहे. बारीक कंबर आणि उंच छाती असलेल्या बाहुलीच्या अंगावर किमोनो बसतच नाही, कारण तो सरळ शरीरासाठी आहे. मग कारखान्यात काय करतात? कमरेशी कापड आवळतात, ओबीचा पट्टा आधीच गाठ शिवलेला आणि मागे चिकटपट्टीने बंद होणारा करतात, आतले वस्त्र गाळून गळ्याशी फक्त एक पांढरी पट्टी लावतात. तयार होतो तो किमोनोच्या कापडाचा झगा. यात काटकसरीचाही भाग आहे. बाहुली जितकी लहान, तितके कापड ताठ उभे राहते, कारण कापडाची जाडी बाहुलीच्या मापाने कमी होत नाही. खऱ्या किमोनोसारखे थर चढवले तर ३० सेंटिमीटरची बाहुली गोणपाटात गुंडाळल्यासारखी दिसेल. त्यामुळे काही तडजोड अटळ आहे, आणि डावी बाजू वर असणे, वयाप्रमाणे बाह्या असणे आणि गाठ पाठीमागे असणे, इतके सांभाळले तरी मी अशा बाहुलीला उत्तीर्ण समजेन. यांपैकी एकाही गोष्टीला जास्तीचा पैसा लागत नाही.

जपानी मुलींची स्वतःची लाडकी बाहुली या संदर्भात पाहण्यासारखी आहे. ताकारा कंपनीने १९६७ मध्ये ‘लिक्का-चान’ आणली. ती शाळकरी वयाची, बार्बीपेक्षा बरीच बुटकी, जपानी घरांतल्या अपुऱ्या जागेत मावेल अशा घरासह विकली जाणारी होती. तिचे वडील फ्रेंच आहेत, आई जपानी आहे, केस तपकिरी आहेत, आणि रोजचे कपडे झगा-स्कर्टचे आहेत. सणासाठी तिच्या कपाटात किमोनो असतो. म्हणजे जपानी मुलीला स्वतःचे प्रतिबिंब म्हणून हवी असणारी बाहुली आणि परदेशी मुलीला जपान म्हणून दिली जाणारी बाहुली यांत फार मोठे अंतर आहे. पहिलीत किमोनो हा आयुष्यातला एक दिवस आहे. दुसरीत तो संपूर्ण आयुष्य झाला आहे.

आक्षेप नेमका कोणाचा?

२०१५ मध्ये बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांचे १८७६ मधले, लाल किमोनोतल्या त्यांच्या पत्नीचे चित्र मांडलेले होते, आणि तसाच किमोनो अंगावर चढवून चित्रासमोर छायाचित्र काढून घ्यायची सोय प्रेक्षकांसाठी केली होती. तो किमोनो जपानमध्येच, तिथल्या प्रदर्शनांसाठी बनवलेला होता. काही आशियाई वंशाच्या अमेरिकी तरुणांनी निदर्शने केली, त्यांच्यासमोर किमोनो घातलेल्या जपानी स्त्रिया पाठिंबा द्यायला उभ्या राहिल्या, आणि अखेर जुलै महिन्यात संग्रहालयाने किमोनो घालण्याऐवजी फक्त हाताळू देण्याचे ठरवले.

वरवर पाहता हे कोडे वाटते: जपान्यांनाच चालते, तर आक्षेप कसला? जपानमध्ये राहणाऱ्या माणसाची ओळख परक्याने किमोनो घातल्याने धोक्यात येत नाही. उलट, किमोनोचे गिऱ्हाईक दशकानुदशके घटत असल्याने विणकर, रंगारी आणि दुकानदार यांना परदेशी उत्साह हवाच असतो. अमेरिकेत वाढलेल्या जपानी किंवा अन्य आशियाई वंशाच्या मुलीचा अनुभव निराळा असतो. तिला शाळेत याच किमोनोवरून, पंख्यावरून, ‘बाहुलीसारखी’ या शब्दावरून चिडवले गेलेले असते, आणि तिच्या पणजीने भीतीपोटी हिना बाहुल्या जाळल्याची आठवण घरात असू शकते. दोघींचे म्हणणे खरे आहे, कारण त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. २०१९ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणी तारका किम कार्दाशियन यांनी आपल्या अंतर्वस्त्रांच्या व्यवसायाला किमोनो हे नाव देऊन ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदवायची तयारी केली, तेव्हा मात्र क्योतोच्या महापौरांनीच पत्र लिहून विरोध केला आणि ते नाव मागे घेतले गेले. कपडा घालणे आणि त्याच्या नावावर मालकी सांगणे यांतला फरक जपानलाही पुरेपूर कळतो.

बोस्टनमध्येच, त्या वादापासून फार दूर नसलेल्या बालसंग्रहालयात, १९२७ च्या ५८ बाहुल्यांपैकी क्योतोची बाहुली आहे. क्योतो आणि बोस्टन यांच्यातल्या भगिनी-शहर नात्यातून तिथे क्योतोतल्या रेशीम-व्यापाऱ्याचे एक खरे घरही १९७९ मध्ये उभारले गेले. मुले त्यात बूट काढून शिरतात, तातामी म्हणजे गवती चटयांवर बसतात. बाहुली एकटी काचेच्या पेटीत असणे आणि बाहुलीभोवती स्वयंपाकघर, न्हाणीघर, जोडे ठेवायची जागा असणे, यांत फार फरक पडतो. दुसऱ्या परिस्थितीत किमोनो हा कोणीतरी राहत असलेल्या घरातला कपडा वाटू लागतो. भारतात अशा बाहुल्या पाहायच्या असतील तर व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ मध्ये दिल्लीत स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालयात जपानी बाहुल्याही आहेत, आणि वर सांगितलेल्या खुणा तिथल्या काचांमागे ताडून पाहता येतील.

१९२७ च्या पाहुण्यांपैकी चाळीसहून अधिक बाहुल्यांचा आज ठावठिकाणा लागलेला आहे. गेल्या काही दशकांत त्यांपैकी अनेकींना दुरुस्तीसाठी जपानला नेऊन, त्यांच्या प्रांतात प्रदर्शनात ठेवून, पुन्हा अमेरिकेत परत पाठवले गेले. या तपासात एक अडचण पुन्हा पुन्हा येते. अमेरिकेतल्या शेकडो गावांचा दौरा चालू असताना खोकी उघडली-बांधली जात होती, आणि त्या घाईत बाहुल्या, त्यांच्या नावाच्या बैठका आणि त्यांचे सामान यांची अदलाबदल झाली. परिणामी काही संग्रहालयांत एका प्रांताच्या पाटीखाली दुसऱ्याच प्रांताची बाहुली उभी असते. पोशाखावरून प्रांत ओळखावा म्हटले तर तीही सोय नाही, कारण सगळ्याच जणी एकाच प्रकारच्या फुरिसोदेत होत्या आणि कोणत्याही प्रांताचे स्वतःचे असे वस्त्र त्यांच्या अंगावर चढवलेले नव्हते. म्हणून अभ्यासकांना १९२७ मध्ये निघण्यापूर्वी काढलेली जुनी छायाचित्रे समोर ठेवून किमोनोवरचे एकेक फूल जुळवत बसावे लागते.